ॲप फक्त उभंच का चालतं? टॅबलेट आडवाच बसवलेला असेल तर काय करायचं?

चाफेकळी | ५ जानेवारी, सकाळी १०:१२

थेट प्रश्न विचारते. बँकेचं, औषधं मागवायचं, लॅबचे रिपोर्ट बघायचं अशी कितीतरी ॲप्स टॅबलेट आडवा असला तरी उभीच उघडतात. म्हणजे सगळी अक्षरं कुशीवर पडलेली दिसतात. बाकीचे लोक टॅबलेट फिरवतात आणि विसरून जातात. ज्याला तो फिरवताच येत नाही, त्याने काय करायचं?

माझ्या धाकट्या भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. वर्तकनगरला राहतो आम्ही. तो पॉवर व्हीलचेअर वापरतो आणि खुर्चीच्या डाव्या हातावर क्लॅम्पने टॅबलेट बसवलाय, आडवा. आडवा अशासाठी की उभा लावला तर वरची कड बरोबर त्याच्या नजरेच्या आड येते आणि खुर्ची चालवताना समोरचा उंबरठा दिसत नाही. उजव्या बाजूला जॉयस्टिक, म्हणजे तिकडे जागाच नाही. शिवाय आडव्या स्क्रीनवर कीबोर्ड रुंद होतो, त्याचं बोट जेवढं सरकतं तेवढ्यात नेमकं अक्षर लागतं. चार्जिंगची वायरसुद्धा चाकात जाऊ नये अशी डावीकडून बांधून घेतलीय. ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर बसून, मोजमाप घेऊन केलेली मांडणी आहे ही.

आता असं उभं ॲप उघडलं की तो मान वाकडी करून वाचतो. मानेचेच स्नायू कमजोर, लगेच थकतो. मग मला हाक मारतो. तो घरून अकाउंट्सचं काम करतो, स्वतः कमावतो. आणि स्क्रीन फिरत नाही एवढ्या कारणासाठी त्याने पिन आणि ओटीपी बहिणीला सांगायचा?

आत्ता करता येण्यासारखं काही आहे का? आणि ॲप बनवणाऱ्यांना सांगायचं तर कुणाला आणि कोणत्या नियमाच्या आधाराने?

नौपाडाकर | ५ जानेवारी, सकाळी १०:४०

ताई, सेटिंगमध्ये ऑटो-रोटेट चालू आहे ना? वरून पट्टी खाली ओढली की दिसतं.

चाफेकळी | ५ जानेवारी, सकाळी १०:५५

हो, चालू आहे. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ सगळं नीट आडवं होतं. अडतात ती ठरावीक ॲप्सच.

ऐरोली_नाका | ५ जानेवारी, दुपारी १:२०

मी ॲप्सच बनवतो, ऐरोलीत ऑफिस आहे. काय होतं ते सांगतो.

अँड्रॉइड ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे ॲपची मूळ माहिती लिहिलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक स्क्रीनसाठी एक ओळ लिहिता येते: स्क्रीनओरिएंटेशन, पोर्ट्रेट. ती लिहिली की टॅबलेट कसाही धरा, ॲप उभंच राहतं. आयफोन-आयपॅडच्या ॲपमध्येही कोणत्या दिशा चालतील त्याची यादी असते. एका ओळीचं काम आहे, म्हणूनच ते सर्रास होतं.

खरं कारण बहुतेक वेळा डिझाइनचं नसतंच. अँड्रॉइडवर फोन फिरवला की चालू स्क्रीन मोडून पुन्हा नव्याने उभी केली जाते. मधली माहिती सांभाळून ठेवली नसेल तर अर्धा भरलेला फॉर्म रिकामा होतो. टेस्टर बग टाकतो, 'फिरवल्यावर खातं क्रमांक जातो'. डेडलाइन जवळ आलेली असते. माहिती जपायचे मार्ग आहेत, व्ह्यूमॉडेल आहे, सेव्ह्ड स्टेट आहे, पण त्याला दोन दिवस लागतात आणि दिशा लॉक करायला एक मिनिट. मग टीम लॉक करते आणि बग बंद.

आणि गंमत बघा, त्या बगचं मूळ तसंच राहतं. फोन आला, ॲप मागे गेलं, मेमरी कमी पडली की तोच फॉर्म पुन्हा रिकामा होतो. फिरवण्याचा बग नीट सोडवला असता तर हेही सुटलं असतं. माझ्या मते लॉक करणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं आहे.

सदाफुली | ५ जानेवारी, दुपारी १:४८

वर्तकनगर! आम्ही शिवाईनगरला. बाकी तांत्रिक कळत नाही, पण पिनचा मुद्दा अगदी पटला. माझ्या सासूबाईंनाही कुणाला पिन सांगायला लागला की दिवसभर रुखरुख असते.

कोपरी_पूल | ५ जानेवारी, दुपारी ३:०५

यासाठी स्पष्ट नियम आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि सुगम्यता तपासणी, म्हणजे दिव्यांगांनाही ॲप वापरता येतं का ते बघणं, हेच काम करते.

डब्ल्यूसीएजी म्हणून जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढते. त्यांच्या २.१ आवृत्तीत, म्हणजे जून २०१८ मध्ये, निकष १.३.४ आला. नावच 'ओरिएंटेशन'. पातळी डबल ए, म्हणजे जी पातळी बहुतेक देशांचे कायदे धरून चालतात ती. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीतही तो तसाच आहे. म्हणणं असं, की मजकूर बघणं आणि वापरणं एकाच दिशेला बांधून ठेवू नका; त्या दिशेशिवाय कामच होणार नसेल तर गोष्ट वेगळी.

आता 'कामच होणार नसेल' याचा अर्थ टीम सोयीने लावतात, म्हणून डब्ल्यूथ्रीसीने सूट म्हणून दिलेली उदाहरणंच सांगते. बँकेचा चेक, पियानोचं ॲप, प्रोजेक्टर किंवा टीव्हीसाठीच्या स्लाइड, व्हर्च्युअल रिॲलिटी. बस. चेकचा फोटो काढायची स्क्रीन आडवी मागितली तर समजू शकते. पण त्या एका स्क्रीनपायी अख्खं ॲप बांधायचं कारण नाही. शिल्लक बघायला, औषधं मागवायला, रिपोर्ट वाचायला फोन उभाच लागतो असं कुणीही सिद्ध करू शकणार नाही.

आणखी एक पळवाट असते. लॉक करायचं नाही, पण आडवा धरला की पडदाभर संदेश: 'कृपया फोन उभा करा'. तोही याच निकषाखाली अपयश म्हणून स्वतंत्र नोंदवलेला आहे.

वागळे_डिझाइन | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

चाफेकळी, तुमच्या भावाची अडचण खरी आहे आणि त्याबद्दल दुमत नाही. पण दुसरी बाजूही मांडतो. आमचा सहा जणांचा स्टुडिओ आहे. क्लायंट म्हणजे दुकानदार, क्लिनिक, क्लासवाले. ते उभ्या स्क्रीनच्या डिझाइनचे पैसे द्यायला कुरकुर करतात, आडव्याचे कोण देणार? दोन-दोन डिझाइन, दोनदा टेस्टिंग. बहुतेक लोक फोन उभाच धरतात हेही खरं. नियम मोठ्या बँकांना लावा, लहान धंद्याला ते झेपत नाही.

ऐरोली_नाका | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

@वागळे_डिझाइन, दोन डिझाइन कुणीच मागत नाहीये. निकषात 'आडव्यातही तितकंच देखणं दिसावं' असं कुठे आहे? दिसलं पाहिजे आणि चाललं पाहिजे, एवढंच.

तुमची वेबसाइट लॅपटॉपवर उघडतेच ना? लॅपटॉप आडवाच असतो. रुंदीप्रमाणे मजकूर मोकळा वाहू दिला, पडदा खाली सरकू दिला, उंचीला ठोकून बसवलेले आकडे काढले, की आडव्या फोनचं बरंचसं काम झालेलं असतं. उलट लॉक करण्यासाठी मुद्दाम कोड लिहावा लागतो. काही ठिकाणी तर सीएसएसने, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, अख्खं पान नव्वद अंशांत फिरवून ठेवलेलं पाहिलंय.

वागळे_डिझाइन | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:३४

लॅपटॉपची उंची आणि आडव्या फोनची उंची यात फरक आहे. आडव्या फोनवर वरची पट्टी, खालची बटणं, मध्ये ऑफरचा बॅनर, की झालं. क्लायंटला वरची पट्टी कायम दिसायला हवी असते, लोगो असतो त्यात.

वसंतविहार_आजोबा | ५ जानेवारी, रात्री ९:०२

वागळेवाले म्हणतात तो फरक माझ्या रोजच्या अनुभवाचा आहे.

वय ७४. दोन्ही डोळ्यांना मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, त्रास, अक्षर मोठं केल्याशिवाय वाचता येत नाही. उभ्या फोनवर मोठं अक्षर केलं की एका ओळीत दोन शब्द मावतात, 'अर्जदाराचे' असा शब्द आला की तो एकटाच. वाचताना अर्थाची साखळी तुटते. म्हणून मी फोन आडवा धरतो, टेबलावर स्टँडमध्ये. ओळ लांब मिळते, वाक्य सलग वाचता येतं. फोन आडवा धरणारे सगळे व्हिडिओच बघतात असं तरुणांना वाटतं.

पण बऱ्याच साइटवर वर नावाची पट्टी, खाली 'आत्ताच नोंदणी करा'ची पट्टी, आणि मधल्या फटीतून एक ओळ. पट्ट्या हलत नाहीत. आणि कीबोर्ड उघडला तर मी काय टाइप करतोय तेच दिसत नाही. लोगो दिसतो मात्र.

कोपरी_पूल | ५ जानेवारी, रात्री ९:२५

काका, तुमची ही पोस्ट मी उद्या टीमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

@वागळे_डिझाइन, साधा हिशोब करू. साधारण फोन आडवा केला की उंची ३६० सीएसएस पिक्सेलच्या आसपास राहते आणि त्यातून ब्राउझरची पट्टी वजा. तुमची वरची ६४, खालची ७२ धरली तर वाचायला काय उरलं? उपाय सोपा आहे. सीएसएसमध्ये उंचीची अट घालता येते: उंची ४८० च्या खाली गेली की पट्टी चिकटून राहणार नाही, मजकुराबरोबर वर निघून जाईल. चार ओळींचं काम. क्लायंटला सांगा, लोगो पान उघडताच दिसतो, तेवढा पुरे.

याचाच जोडीदार निकष १.४.१०, रीफ्लो. ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता यायला हवा. दोन्ही एकत्र पाळले की मोठ्या अक्षरांचाही प्रश्न बराचसा सुटतो.

वसंतविहार_आजोबा | ५ जानेवारी, रात्री ९:४१

जरूर वाचा.

घोडबंदर_गडी | ६ जानेवारी, सकाळी ८:१५

मला याच्या उलट त्रास आहे. रात्री कुशीवर झोपून वाचायला घेतलं की फोन लगेच आडवा होतो. बायको म्हणते, फोनला तरी कळतं आता झोपायची वेळ झाली! म्हणून मी रोटेशन कायमचं बंदच ठेवलंय. हा नियम आला तर माझं लॉक चालणार नाही का?

कोपरी_पूल | ६ जानेवारी, सकाळी ८:३८

तुमचं लॉक सुखाने चालू ठेवा. नियम वापरणाऱ्याच्या हातातल्या लॉकबद्दल नाहीच. तुम्ही फोनला 'उभाच राहा' सांगितलंत तर ॲपने उभंच राहायचं. आक्षेप आहे तो ॲपने परस्पर ठरवण्याला.

तलावपाळी | ६ जानेवारी, सकाळी ९:५०

मी जन्मापासून अंध आहे, टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, फोन वापरतो. मला स्क्रीन दिसतच नाही, मग दिशेचा संबंध काय, असं वाटेल. आहे.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलो की फोन मांडीवर सपाट असतो, एका हातात काठी. गाडीच्या हिसक्यात फोन कधी फिरतो कळत नाही, टॉकबॅक 'लँडस्केप' म्हणतो तेवढंच. एकदा एका कार्यक्रमाचं तिकीट काढत होतो. नाव भरलं, जागा निवडली आणि फोन एकदम गप्प. बोट कुठेही फिरवलं तरी आवाज नाही. मला वाटलं ॲप बंद पडलं. शेजारच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, 'काका, फोन उभा करा असं चित्र आलंय.' चित्र! त्याला शब्दांत वर्णन दिलेलंच नव्हतं, आणि त्याच्याखाली सगळी बटणं झाकलेली. उभा केला तर पुन्हा पहिल्या पानावर.

कोपरी_पूल यांनी ती 'फोन उभा करा'ची पळवाट सांगितली, तिचा माझ्या बाजूने असा अर्थ होतो.

ऐरोली_नाका | ६ जानेवारी, सकाळी १०:३०

@तलावपाळी, हे फार महत्त्वाचं आहे. त्याच संदेशाची अजून एक करामत सांगतो. तो संदेश बहुधा सीएसएसच्या ओरिएंटेशन अटीवर टांगलेला असतो. ती अट फोन कसा धरलाय हे बघत नाही, रुंदी उंचीपेक्षा जास्त आहे का एवढंच बघते. पूर्वी अँड्रॉइडच्या क्रोममध्ये कीबोर्ड वर आला की पानाची उंची कमी व्हायची. फोन उभाच, पण उरलेली जागा रुंद. लगेच संदेश: फोन उभा करा! माणूस नाव टाइप करायला जातो आणि उभाच फोन उभा करायला सांगितलं जातं.

२०२२ च्या अखेरीस क्रोम १०८ आलं तेव्हापासून कीबोर्डमुळे पानाचं मूळ माप बदलत नाही. पण साइटने मेटा टॅगमध्ये जुनं वागणं मुद्दाम मागितलं असेल किंवा फोनवर जुना ब्राउझर असेल तर अजूनही होतं.

नौपाडाकर | ६ जानेवारी, सकाळी १०:४४

अच्छा!! आमच्या क्लासच्या फॉर्मवर पालक हेच सांगायचे आणि आम्ही म्हणायचो नेट स्लो असेल.

मीटर_डाउन | ६ जानेवारी, दुपारी १२:२०

रिक्षा चालवतो, माजिवडा ते स्टेशन. आमच्या बऱ्याच जणांचा फोन हँडलजवळच्या स्टँडमध्ये आडवा असतो, उभा लावला तर हवेने हलतो. नकाशा आडवा मस्त चालतो. पैसे आले का बघायचं ॲप उघडलं की मान तिरकी. सिग्नलला ठीक, चालू गाडीत धोका. तुमच्या भावाचं दुखणं मोठं आहे ताई, पण हा त्रास आम्हालाही आहे एवढं सांगायचं होतं.

सदाफुली | ६ जानेवारी, दुपारी १२:३१

दादा, चालू गाडीत बघूच नका पैसे आले की नाही. उतरताना विचारा.

मीटर_डाउन | ६ जानेवारी, दुपारी १२:४५

बरोबर ताई.

सीवूड्सची_बाई | ६ जानेवारी, दुपारी २:१०

मी नेरुळला विशेष मुलांना शिकवते. सेरेब्रल पाल्सीची काही मुलं बोलू शकत नाहीत, टॅबलेटवरच्या चित्रांना स्पर्श करून 'पाणी', 'थांब', 'नको' सांगतात. टॅबलेट खुर्चीच्या ट्रेला बसवलेला, कुणाचा आडवा, कुणाचा उभा. ते मुलाच्या हाताच्या पल्ल्यावर ठरतं. एका मुलाचा हात फक्त डावीकडून उजवीकडे सरकतो, वर जात नाही. त्याचा टॅबलेट उभा लावला तर वरची अर्धी चित्रं त्याच्यासाठी नाहीतच.

म्हणून 'टॅबलेट उभा लावून टाका की' असं कुणी म्हणालं तर मी पहिलं विचारते, हात कुठपर्यंत पोचतो ते पाहिलंत का? चाफेकळी यांनी थेरपिस्टबरोबर बसून मोजमाप केलं म्हटलंय, ते किती खटाटोपाचं असतं मला माहीत आहे. बसण्याची उंची, कोपराचा टेका, मानेचा आधार, सगळं जुळवून एक जागा सापडते. ॲपसाठी ती बदलता येत नाही.

अजून एक गोष्ट. काही गेममध्ये टॅबलेट तिरका केला की गाडी वळते. बसवलेला टॅबलेट तिरका कसा करणार? तिथे बटणांचा पर्याय हवा.

कोपरी_पूल | ६ जानेवारी, दुपारी २:२६

आहे, निकष २.५.४. हलवून किंवा तिरकं करून होणारी क्रिया साध्या बटणांनीही व्हायला हवी आणि हलवण्याचा प्रतिसाद बंद करता यायला हवा. पातळी ए, म्हणजे अगदी किमान.

कोर्टनाका_वकील | ६ जानेवारी, रात्री ८:४०

चाफेकळी यांचा दुसरा प्रश्न कायद्याचा आहे, त्यावर लिहितो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे, कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल, आणि त्यात खासगी सेवा देणारेही येतात. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ते होते. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा, अशी अट त्यांना पार करता येत नव्हती. डिजिटल सेवा मिळणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि २० निर्देश दिले. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये सेबीनेही शेअर बाजारातल्या संस्थांसाठी डिजिटल सुगम्यतेचं परिपत्रक काढलं.

सरकारी वेबसाइट आणि ॲपसाठी जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती डब्ल्यूसीएजी २.१ च्या डबल ए पातळीवर बेतलेली. म्हणजे १.३.४ त्यात आलाच. भारतीय मानक आयएस १७८०२ सुद्धा आहे.

व्यवहारात असं करा. आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. बाकी सेवांसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, कार्यालय पुण्यात. प्ले स्टोअरवर एक तारा देऊन मोकळं होऊ नका, त्याला तक्रार क्रमांक मिळत नाही.

पत्रात 'ॲप वापरता येत नाही' असं मोघम लिहू नका. मी असं लिहीन: 'मी व्हीलचेअरवर बसवलेला टॅबलेट वापरतो. तो आडव्या स्थितीत कायम बसवलेला आहे व मला फिरवता येत नाही. आपले ॲप केवळ उभ्या स्थितीत चालते. त्यामुळे मला पिन दुसऱ्या व्यक्तीस सांगावा लागतो. हे डब्ल्यूसीएजी निकष १.३.४ शी विसंगत आहे. ॲप दोन्ही स्थितींत चालेल अशी दुरुस्ती कधी होईल ते लेखी कळवावे.' सोबत स्क्रीनचा फोटो. तक्रार भावाच्या नावाने, त्यांच्या ईमेलवरून जाऊ द्या.

महापे_रात्रपाळी | ६ जानेवारी, रात्री ११:५५

बँकेच्या सपोर्टमध्ये होतो पूर्वी. असा कॉल आला की छापील उत्तर ठरलेलं असायचं, 'सुरक्षिततेच्या कारणास्तव'. आडव्या स्क्रीनने सुरक्षितता कशी कमी होते हे मला कधीच कुणी सांगितलं नाही.

ऐरोली_नाका | ७ जानेवारी, सकाळी ९:०५

होतच नाही. स्क्रीनशॉट अडवायची सोय असते, ती दोन्ही दिशांना सारखीच चालते. पिन बहिणीला सांगावा लागणं ही मात्र खरीखुरी सुरक्षेची अडचण आहे, आणि ती लॉकमुळे आलीय. पत्रात हे जरूर लिहा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, आत्ता काय करता येईल. टॅबलेटवर अँड्रॉइड कोणतं आहे? १२ किंवा पुढचं असेल तर स्प्लिट स्क्रीन करून बघा. मोठ्या स्क्रीनवर १२ पासून सगळी ॲप्स दोन भागांत उघडता येतात, ॲप तयार असो वा नसो. आणि दोन भागांत उघडलं की ॲपची 'मला उभंच ठेवा' ही मागणी मानली जात नाही. एका बाजूला ते ॲप, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर किंवा काहीही. ॲप अर्ध्या रुंदीचं दिसेल, पण सरळ दिसेल. मधली रेघ सरकवून भाग मोठा करता येतो.

दुसरं, ज्याची वेबसाइट आहे ते ब्राउझरच्या साध्या टॅबमध्ये उघडा. साइट होम स्क्रीनवर ॲपसारखी बसवली की तिच्या मॅनिफेस्टमधली दिशेची अट लागू होते, टॅबमध्ये होत नाही.

स्क्रीन जबरदस्तीने फिरवणारी ॲप्सही मिळतात. बँकेच्या बाबतीत मी ती सुचवणार नाही. ती इतर ॲप्सच्या वर काढायची परवानगी मागतात आणि बँकेचं ॲप अशी परवानगी दिसली की बंदच पडू शकतं.

थोडी चांगली बातमीही आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १६ पासून, ॲप त्या आवृत्तीसाठी बनवलेलं असेल, तर ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं एकक) आणि त्याहून रुंद स्क्रीनवर दिशेचं लॉक सिस्टिमच दुर्लक्षित करते. म्हणजे टॅबलेट आणि उघडलेले फोल्डेबल. गेम वगळलेत. टीमना सध्या सूट मागता येते, पण पुढच्या आवृत्तीसाठी ॲप बनवलं की ती सूटही जाते. लहान फोनना मात्र हे लागू नाही, तिथे टीमनेच शहाणपण दाखवायचं.

वागळे_डिझाइन | ७ जानेवारी, सकाळी ११:२०

म्हणजे टॅबलेटवर ॲप आज ना उद्या फिरणारच. मग फिरल्यावर मोडून दिसण्यापेक्षा आधी नीट केलेलं बरं, हा मुद्दा क्लायंटला पटेल. उंचीच्या अटीची युक्ती आज एका क्लिनिकच्या साइटवर लावली, खालची बुकिंगची पट्टी आडव्यात मजकुरात गेली. दिसायला चांगलंच दिसतंय. पण नियम सगळ्यांना सरसकट लावायला माझा अजूनही विरोध आहे, लहानांना वेळ द्यायला हवा.

कोपरी_पूल | ७ जानेवारी, सकाळी ११:५२

वेळेबद्दल भांडण नाही. तपासायला मात्र आजच सुरुवात करा, पैसे लागत नाहीत. खरा फोन घ्या. फॉर्म तिसऱ्या रकान्यापर्यंत भरा आणि तिथेच फोन आडवा करा. भरलेलं राहिलं का? कर्सर त्याच रकान्यात आहे का? कीबोर्ड वर असताना तो रकाना दिसतो का, आणि शेवटचं 'पाठवा' बटण सरकवून गाठता येतं का? मग परत उभा करा. आमच्याकडे बहुतेक बग या परतीच्या फिरवण्यात सापडतात.

चाफेकळी | ८ जानेवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्लिट स्क्रीन जमलं! अँड्रॉइड १३ निघालं. औषधांचं आणि लॅबचं, दोन्ही ॲप्स सरळ झाली. तक्रारीचा ईमेल भावाने स्वतः लिहिला, वकीलसाहेबांच्या मसुद्यात त्याची दोन वाक्यं घालून. तक्रार क्रमांक मिळालाय. बाकीचं तोच लिहितोय म्हणाला, आत्ताच सदस्य झालाय.

आडवा_टॅब | ८ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार. मी तो भाऊ.

@ऐरोली_नाका, स्प्लिट स्क्रीनमध्ये बँकेचं ॲपही सरळ उघडलं, पण दोन ठिकाणी अडलो. कीबोर्ड वर आला की 'पुढे' हे बटण त्याच्या मागे जातं आणि पान सरकत नाही. कीबोर्ड घालवायला कडेवरून बोट ओढावं लागतं, ते मला जमत नाही. आणि मधली रेघ फार बारीक आहे, ती पकडायला ताईच लागते.

@वागळे_डिझाइन, लहान धंद्याबद्दल एक सांगतो. औषधं मी मोठ्या कंपनीकडून घेत नाही, आमच्या नाक्यावरच्या दुकानातून घेतो. त्यांनी नवीन ॲप काढलंय आणि ते नीट आडवं होतं. त्यांना नियम माहीत असेल असं वाटत नाही, कुणी लॉक केलं नाही एवढंच. महिन्याची सगळी ऑर्डर आता तिथेच देतो.

@सीवूड्सची_बाई, हाताच्या पल्ल्याचं अगदी तसंच आहे.

ऐरोली_नाका | ८ जानेवारी, रात्री १०:२०

स्वागत! सेटिंगमध्ये नेव्हिगेशन 'तीन बटणं' करून बघा. खाली मागे जायचं बटण येतं, कीबोर्ड उघडा असताना ते दाबलं की कीबोर्डच खाली जातो, ओढावं लागत नाही. रेघ एकदा ताईंकडून हवी तिथे लावून घ्या. सॅमसंगचा टॅबलेट असेल तर दोन ॲप्सची जोडी जतन करता येते, मग एका टॅपवर दोन्ही उघडतात.

'पुढे' कीबोर्डमागे जाणं हा बँकेच्या ॲपचाच बग आहे, आडव्या फोनवर इतरांनाही येणार. मॉडेल, अँड्रॉइड आवृत्ती आणि त्या स्क्रीनचा फोटो त्याच तक्रार क्रमांकावर पाठवून द्या. फोटोत शिल्लक झाकायला विसरू नका.

आडवा_टॅब | ८ जानेवारी, रात्री १०:४१

तीन बटणं केली. कीबोर्ड जातोय. सॅमसंगचाच आहे, जोडी कशी जतन करायची तेवढं सांगा.